कानावरचा फोकस

बाबांनी काढलेल्या फोटोंत हल्ली माणसांचे कान फार सुरेख येतात. कानाची पाळी, पाळीवरची लव, कानातल्याची फिरकी, सगळं इतकं स्वच्छ की बोट लावून बघावंसं वाटतं. डोळे मात्र येत नाहीत. म्हणजे असतात आपल्या जागी, पण आत्ताच झोपेतून उठल्यासारखे, पुसट. आता फोटो हातात घेतला की कुणीही आधी डोळ्यांकडेच बघतं. कान बघायला कुणी स्टुडिओची पायरी चढत नाही.

हे पुसट डोळे ताळ्यावर आणायचं काम माझं. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी बाबांची अंधारखोली होती, तिथे माझं टेबल आहे, टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि खोलीला खिडकी नाही. कॉलेज संपल्यापासून मी त्या खुर्चीत बसते. पुटकुळ्या पुसते, विस्कटलेले केस बसवते, वाकडी कॉलर सरळ करते, आणि गेले काही महिने पापण्यांचा एकेक केस कोरत बसते. माणसं बाहेर येतात, स्टुलावर बसतात, हसतात, निघून जातात. मला दिसतात ती पडद्यावर, आणि तीही गेल्यानंतर.

मला खरं तर बाहेर उभं राहायचं होतं, कॅमेऱ्यामागे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडलेली दिसले तर नवल वाटायला नको. मला फोटो काढायचे होते, आणि मला ते जमत नाहीत असं आमच्या घरात ठरलेलं आहे. ठरवलं बाबांनी. आरडाओरडा करून ठरवलं असतं तर मी भांडले तरी असते. त्यांनी ते मायेने ठरवलं, डोक्यावर हात ठेवून. मायेने ठरवलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं, हे मला कधी कळलं नाही.

बाबांना सगळी गल्ली ‘फोटोवाले काका’ म्हणते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात लेन्स पुसायचं मऊ फडकं. त्या फडक्याने घरात कुणी चष्मा जरी पुसला तरी ते दिवसभर घुश्शात असतात. एरवी स्वभाव गरीब. भाजीवाल्याशी घासाघीस करायला आईला पाठवतात आणि उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाची माफी स्वतःच मागतात. पण कॅमेरा हातात आला की या माणसाला वेगळंच बळ येतं. ते कधी ‘हसा’ म्हणत नाहीत. हसा म्हटलं की लोक दात दाखवतात, असं त्यांचं मत. ते काहीतरी विचारतात. घरी कोण कोण असतं, पहाटे किती वाजता उठता, लहानपणी मार कुणाचा खाल्लात. समोरचा उत्तर द्यायला तोंड उघडणार, त्याच्या बरोबर आधी बटण दाबतात. त्यामुळे त्यांच्या फोटोंतली माणसं आता काहीतरी बोलतील अशी दिसतात. मी उगाच कौतुक करत नाही. फोटो चांगलेच असायचे, आणि म्हणूनच त्यांचा शब्द आमच्या घरात काळ्या दगडावरची रेघ होता.

त्यांचा जुना कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर. त्याचं आतलं गणित थोडक्यात सांगते, कारण घोडं तिथेच अडलं. लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर आपल्या डोळ्याकडे जातो. त्यातलाच थोडा खाली जातो, तिथे फोकस मोजणारा वेगळा भाग असतो. फोटो मात्र उमटतो तिसऱ्याच जागी, आरशामागच्या सेन्सरवर. म्हणजे मापं घेणारा एक आणि कपडे शिवणारा दुसरा. दोघांत केसभर फरक पडला की फोकस पुढे नाहीतर मागे सरकतो. अशी चूक भरून काढायला कॅमेऱ्याच्या मेनूत एक सोय असते. अधिक किंवा उणे आकडा टाकायचा, की कॅमेरा दर वेळी फोकस तेवढा मागे किंवा पुढे घेतो.

बाबांचा आकडा होता उणे अकरा. तो त्यांनी स्वतः शोधून काढला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवली, मधल्या खुणेवर फोकस धरला आणि आकडा बदलत बदलत फोटो काढत गेले, ती खूण लख्ख येईपर्यंत. हा प्रयोग जगभर लोक तिपाईवर कॅमेरा ठेवून करतात. बाबांनी तो हातात धरून केला. आईने सहज विचारलं की तिपाई पडून आहे ती का घेत नाही, तर म्हणाले, मी माणसांचे फोटो काय तिपाईवर काढतो? जसे काढतो तसंच तपासायला नको का? आईला ते पटलं. मलाही पटलं. ऐकायला बरोबरच वाटतं ते.

वर्षातून एकदा कॅमेरा साफसफाईला जायचा. दुरुस्तीवाला तो तपासून, आकडा शून्यावर आणून परत पाठवायचा. बाबा घरी येऊन आधी मेनू उघडायचे, पुन्हा उणे अकरा टाकायचे आणि म्हणायचे, यांना काही कळत नाही, नुसत्या पाट्या टाकतात. दर वर्षी हेच. मला आणि आईला ते पाठ झालं होतं.

तर कॉलेज संपवून मी घरी आले ती हाच कॅमेरा मागितला. बाबांनी आनंदाने दिला. फक्त मेनूला हात लावायचा नाही, सगळं लावून ठेवलेलं आहे, एवढं बजावलं. मी समोरच्या शिंप्याचे फोटो काढले, त्याच्या बायकोचे काढले, मावसबहिणीचे काढले, आईचे तर इतके काढले की ती मला बघून पदराआड व्हायची. बाबा काउंटरवर प्रिंट ठेवून भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, “नाक आलंय.”

खरंच नाक आलेलं असायचं. नाकाचा शेंडा चकचकीत आणि डोळे पुसट. मी फोकस डोळ्यावरच धरलेला असायचा, शपथेवर सांगते. मग मी श्वास रोखायला लागले. कोपरं बरगड्यांना चिकटवली. भिंतीला पाठ टेकून उभी राहिले, खांबासारखी. जितकी मी स्थिर होत गेले तितकं नाक जास्त इमानाने येत गेलं. एखादा फोटो चुकला तर माणूस समजू शकतो. सगळेच्या सगळे सारखेच चुकतात तेव्हा खोट आपल्यातच आहे, असं वाटायला लागतं. मलाही वाटायला लागलं. बाबांनी मला जवळ बसवून सांगितलं, की याला हात लागतो, सगळ्यांना नसतो, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. तुझी नजर चांगली आहे, ती आत वापर. आणि मला ही खुर्ची मिळाली.

एवढं सगळं जुनं. मागच्या वर्षी त्या कॅमेऱ्याचा आरसा अडकायला लागला. वर गेला की खालीच येईना. त्याचे सुटे भाग आता बनत नाहीत, असं कळलं. नवा घ्यायचा तर मिररलेस घेऊ, असा हट्ट मी धरला. त्यात आरसाच नसतो. ज्या सेन्सरवर फोटो उमटतो त्याच्यावरच फोकस मोजला जातो. मापं घेणारा तोच आणि शिवणाराही तोच, मग फरक पडायचा प्रश्नच नाही. मी आठवडाभर वाचून बाबांना हे समजावलं. त्यांनी मान हलवली. दुकानात गेल्यावर कॅमेरा हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की यात उणे अकरा कुठे टाकायचं?

विकणाऱ्या मुलीला काही उमजेना. मी मध्ये पडून समजावलं. ती हसून म्हणाली, की काका, त्याची यात गरजच पडत नाही. बाबांना ते अपमानासारखं लागलं.

नव्या कॅमेऱ्यात आणखी एक सोय होती. समोरच्याचा डोळा तो स्वतः शोधतो, त्यावर एक छोटी चौकट बसवतो, आणि माणूस हलला किंवा आपण हललो तरी ती चौकट सोडत नाही. पापणीला चिकटून बसते. मला ते बघून हरखायला झालं. बाबांनी पहिल्याच दिवशी ते बंद केलं. डोळा कुठे असतो ते मला माहीत आहे, म्हणाले. आणि आपली नेहमीची पद्धत लावली. मधला ठिपका डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबून फोकस पक्का करायचा, मग चौकट जुळवायची, प्रश्न विचारायचा आणि बटण पूर्ण दाबायचं.

तेव्हापासून कान यायला लागले.

पहिली तक्रार आली ती शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिकाबाईंची. त्या बाईंनी फोटो बघून म्हटलं, की माझी कानातली फार सुंदर आली आहेत. बाबा खूश झाले. बाईंनी जरा वेळ थांबून विचारलं, की माझा चेहराही असाच काढता येईल का? बाबा आत आले आणि पाणी प्यायले. बाईंना पुन्हा बसवलं. पुन्हा कानातलीच.

मग खापर फोडायला सुरुवात झाली. आधी कॅमेऱ्यावर. मग जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवायला मध्ये जो अडॅप्टर लागतो, त्याच्यावर. अडॅप्टर बदलला. मग लेन्सवर. मग विकणाऱ्या मुलीवर. या सगळ्यांचं झाल्यावर शेवटी माझ्यावर, कारण घ्यायला लावला मी. तोंडाने म्हणाले नाहीत, पण जेवताना ‘आरशाचा होता तेव्हा’ अशी वाक्यं सुरू व्हायची आणि आई माझ्या पानात काहीतरी वाढायची. कॅमेरा कंपनीच्या सेंटरवर तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा दोष आढळला नाही असं सांगून परत. बाबांनी तिसऱ्यांदा तिथल्या माणसाला विचारलं, की दोष नाही तर मग कान कसे येतात? तो बिचारा काय सांगणार. त्याने स्वतः काढून दाखवलेल्या फोटोत डोळे आले होते. बाबांचं म्हणणं, हे लोक आपल्यापुरतं जुळवून ठेवतात.

मी आत बसून डोळे कोरत होते. हे काम किती किचकट आहे ते करणाऱ्यालाच कळतं. बुबुळातला उजेड वाढवायचा, पापण्या ओढायच्या, आणि तरी ते डोळे त्या माणसाचे वाटायला हवेत. चष्म्यातून बघून माझं डोकं ठणकायचं. बाबांनी मग भिंग लहान करून, म्हणजे लेन्सचं तोंड आवळून फोटो काढायला सुरुवात केली, म्हणजे नाकापासून कानापर्यंत सगळंच स्वच्छ यावं. ते यायचं. पण त्याबरोबर मागच्या पडद्याच्या सुरकुत्याही यायच्या, भिंतीवरचा पोपडा यायचा, आणि माणूस सरकारी ओळखपत्रावरचा दिसायचा. ते बघून बाबा स्वतःच प्रिंट उलटी करून ठेवायचे. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारायचेही त्यांनी कमी केले. एकदा आईला म्हणाले, की पुरे झालं आता, दुकान बंद करू. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. मी ते दारातून ऐकलं. मला दया यायला हवी होती. मला राग आला. एक कॅमेरा जमत नाही म्हणून दुकान बंद, आणि मला सगळं आयुष्य जमलं नाही ते मी निमूट गिळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात उजेड परतवायच्या पांढऱ्या फळ्याचा स्टँड मोडला. एक बसचालक आले होते, नोकरीचा शेवटचा महिना होता आणि गणवेशात फोटो हवा होता. फळा धरायला कुणी नव्हतं म्हणून बाबांनी मला हाक मारली. इतक्या वर्षांत मी बाबांना काम करताना बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. मी आत असायचे, नाहीतर लहानपणी स्टुलावर त्यांच्यासमोर. आज मी फळा धरून कडेला उभी होते आणि माझ्या बाजूने बघताना बाबांच्या पलीकडे काउंटरकडच्या दाराची उभी चौकट होती.

बाबांनी ठिपका डोळ्यावर धरला. अर्धं बटण दाबल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, की साहेब, पहिल्या दिवशी गाडी कुठल्या रस्त्यावर नेलीत? चालकांचा चेहरा उजळला, ओठ हलले, आणि बाबा पुढे झाले. कमरेतून, मानेतून, हळूच. दाराच्या चौकटीच्या रेषेमागे असलेलं त्यांचं कपाळ त्या रेषेच्या पुढे आलं. टाचा उचलल्या गेल्या. क्लिक. मग ते परत आपल्या जागी आले.

मी म्हटलं, असेल एखाद्या वेळी. दुसरा फोटो. पुन्हा प्रश्न, पुन्हा कपाळ चौकटीच्या पुढे, पुन्हा टाचा. तिसऱ्यालाही तेच. चार बोटं, फार तर. चार बोटं म्हणजे डोळ्यापासून कानापर्यंतचं अंतर.

तेवढ्यात बाहेरच्या काउंटरवर कुणीतरी आलं म्हणून बाबा गेले. कॅमेरा टेबलावर होता. मी फळा खुर्चीला टेकवला, कॅमेरा उचलला, बाबांच्याच पद्धतीने मधला ठिपका डोळ्यावर धरला आणि माझ्या सवयीप्रमाणे खांबासारखी उभी राहून बटण दाबलं. मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. बसचालकांच्या पापणीचा पांढरा झालेला एक केस वेगळा मोजता येत होता. बुबुळात आमची खिडकी दिसत होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मी आत जाऊन खुर्चीत बसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण उणे अकराचा अर्थ आता मला लागला होता. आरशाच्या कॅमेऱ्यात चूक नव्हतीच. बाबा पुढे झुकायचे, मोजपट्टीसमोरही झुकले असणार, म्हणून फोकस मागे, कानावर जायचा. तो डोळ्यावर यावा म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला आधीच चार बोटं अलीकडे फोकस धरायला लावलं होतं. कॅमेरा मुद्दाम चुकायचा, बाबा उलट बाजूने चुकायचे, आणि दोन चुका मिळून डोळे लख्ख यायचे. त्या कॅमेऱ्याने सरळ उभ्या माणसाने फोटो काढला तर नाकच येणार. नाकच आलं. मी एकही चूक केली नव्हती, म्हणून माझा प्रत्येक फोटो चुकला होता.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. बोलले असते तर भलतंच बोलले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक कॉलेजची मुलगी फोटोला आली, तेव्हा मी काहीतरी शोधायच्या निमित्ताने बाहेर आले आणि मोबाइलवर बाबांचं बाजूने चित्रण केलं. मुलगी गेल्यावर दार ओढून घेतलं. आई वरच्या घरातून चहा घेऊन आली होती. मी म्हटलं, “बाबा, बटण दाबताना तुम्ही पुढे झुकता.”

बाबा म्हणाले, की काहीतरीच काय. आई म्हणाली, अहो, झुकता की. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. माझा पहिला फोटो काढलात तेव्हा मी घाबरून मागे सरकले होते. तिने हे इतक्या सहज सांगितलं की मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. कपाळ पुढे येताना पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. मी अडॅप्टर, लेन्स, कंपनी, मी स्वतः, सगळ्यांच्या वतीने काहीतरी खमंग बोलायचं ठरवून ठेवलं होतं. पण ते मोबाइल खाली ठेवून म्हणाले, “तोही हेच म्हणाला होता.”

कोण, असं मी विचारलं.

“दुरुस्तीवाला. काका, तिपाईवर ठेवलं की शून्यावर बरोबर येतंय, तुम्हीच बटण दाबताना पुढे जाता, म्हणाला. मला राग आला होता त्याचा.”

“कधी?”

त्यांनी आठवल्याचं नाटक केलं नाही. “तू कॉलेज संपवून आलीस ना, त्याच्या आधी.”

आईने कप खाली ठेवला. म्हणजे माझे ते सगळे फोटो काउंटरवर मांडून, भिंग डोळ्याला लावून, नाक आलंय म्हणताना त्यांना माहीत होतं. भिंतीला टेकून, श्वास कोंडून मी उभी राहायचे ते दारातून बघताना माहीत होतं. डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना हात नसतो म्हणाले, तेव्हाही.

“मग मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. “कॅमेरा तुमच्या झुकण्यावर लावलेला होता. मी सरळ उभी होते. माझं काय चुकत होतं, बाबा?”

ते खिशातलं फडकं काढून बोटांत फिरवत राहिले. खोटं बोलणं त्यांना येत नाही, आणि त्या वेळी आलं असतं तर बरं झालं असतं.

“तुझं चुकतंय असं नव्हतं गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, तूही जाशील पुढे. समोर माणूस बसला, आता तो काहीतरी बोलणार, की आपण पुढे होतोच. मी काही ठरवून होत नाही. मला वाटलं, हीपण आज ना उद्या होईल, मग डोळे येतील आपोआप. मी वाट बघत होतो. तू हललीच नाहीस. मग मला वाटलं, हिला माणसांची तेवढी ओढ नाही.”

मी हलले नव्हते ती त्यांच्या कॅमेऱ्याच्या धाकाने. समोर बसलेल्या प्रत्येक माणसाकडे माझा जीव ओढत होता आणि तो ओढू नये म्हणून मी भिंत धरून ठेवली होती. ही एवढीशी गोष्ट त्यांनी एकदा, फक्त एकदा तोंडाने विचारली असती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारणारा हा माणूस. मी हे सगळं त्यांना म्हटलं. शेवटचं वाक्य म्हणताना रडले, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले. बाबा म्हणाले, की हं. आई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर अशा आठ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

दारावर टकटक झाली. एक तरुण बाई होती, कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, सोबत सामानाची भली मोठी पिशवी. दुकान बंद आहे का, असं तिने विचारलं. आईने दार उघडलं आणि उघडंच आहे म्हणाली. बाई बाळाला घेऊन स्टुलावर बसली. बाळाने आमच्या तिघांकडे पाळीपाळीने पाहिलं.

कॅमेरा माझ्या हातात होता. बाबांनी सवयीने हात पुढे केला. मी दिला नाही. त्यांनी हात तसाच थोडा वेळ ठेवला, मग मागे घेतला आणि ते भिंतीकडे सरकले, पण आत गेले नाहीत. मी डोळा शोधणारी सोय सुरू केली. बाळाच्या डाव्या डोळ्यावर चौकट येऊन बसली. मागे उभे राहून बाबा माझ्या टाचा उचलल्या जातात का ते बघतायत हे मला वळून न बघताही कळत होतं. आत्ता पुढे झाले असते तरी फोटो चुकला नसता. मला पुढे व्हावंसं वाटतही होतं. मी जागची हलले नाही.